जीपचा हीटर, घोंगडं आणि बी विंगचं पार्किंग

निखिल (बी-३०२): नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. सोलापूरची गड्डा यात्रा झाली की मी आणि तिघं मित्र जीप घेऊन स्पितीला निघतोय, शिमल्याकडनं वर काझापर्यंत. तिथं जानेवारीत रात्री उणे २० च्या आसपास जातंय म्हणे आणि आमची गाडी म्हणजे जुनी डिझेल फोर बाय फोर, वर कापडी हूड. हीटर लावला की पंखा जोरात फिरतो पण वारा गारच येतो, काल रात्री होटगी रोडला अर्धा तास चालवली तरी तेच. गाडी आतून गरम राहायला काय करायचं? कुणाला अनुभव?

सागर (ए-१०४): काय करलालास बे निख्या, इथं पारा १५ च्या खाली आला की तू कानटोपी घालून दूध आणायला उतरतोस आणि चालला स्पितीला

सेक्रेटरी: उद्या पाणी सकाळी ६ ला सोडणार आहे, सगळ्यांनी भरून घेणे.

मंगल काकू (बी-१०१): निखिल बाळा त्यात काय, पायापाशी लहान शेगडी ठेवायची कोळशाची. आमच्या गावाकडं हुरड्याला गेलं की आगटीपाशी बसलं की थंडी कुठल्या कुठं

डॉक्टर मॅडम (ए-२०३): काकू नको नको, प्लीज हे कुणीच करू नका. हुरड्याची आगटी उघड्या शिवारात असते. बंद गाडीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटीनं जास्त घट्ट धरतं. माणसाला वाटतं थकलोय म्हणून झोप येतीय, आणि मग उठतच नाही. गॅसची शेगडी पण नाही. आणि निखिल, इंजिन चालू ठेवून आत झोपायचं हे पण नाही, सायलेन्सरच्या तोंडावर बर्फ साचला तर धूर आतच येणार.

मंगल काकू (बी-१०१): अगं बाई. मी आपलं सहज बोलले हो

निखिल (बी-३०२): नाही नाही मॅडम, झोपायला होमस्टे आहे. पण दिवसभर गाडीतच असणार ना

बिराजदार काका (बी-००२): निखिल, व्हॉइस मेसेज करणार होतो पण हिला झोप लागलीय म्हणून टाइप करतो, चुका झाल्या तर समजून घे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. पहिलं सांग, तुझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का? हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नसते, इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डच्या मागं एका छोट्या रेडिएटरमधनं फिरतं आणि पंखा त्याच्यावरनं हवा मारतो, एवढंच. पाणीच तापलं नाही तर हवा कुठनं तापणार. आता आपल्याकडं मे महिन्यात ४४ डिग्री, गाड्या उकळतात, मग मेस्त्री लोक काय करतात तर थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, म्हणतात पाणी मोकळं फिरू दे. उन्हाळ्यात पोरगं खूश. पण थर्मोस्टॅटचं कामच ते आहे, पाणी ८०-८५ डिग्रीला जाईपर्यंत मोठ्या रेडिएटरकडं सोडायचं नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासनं पुढं जाऊन थंड होतं, हायवेला समोरचा वारा लागला की अजून थंड. इंजिन पण गार चालतं, डिझेल जास्त खातं, आतनं झिजतं ते वेगळंच.

सागर (ए-१०४): काका एवढं टाइप केलं, मानलं तुम्हाला

बिराजदार काका (बी-००२): चेक करायचं सोपं आहे. सकाळी गाडी एकदम गार असताना स्टार्ट कर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे रबरी पाइपवर, हात ठेव, पंख्यापासनं लांब. पाच-सात मिनिटं होज गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट आहे. सुरुवातीपासनंच हळूहळू कोमट होत गेला तर समज नाही, नाहीतर उघडाच अडकलाय. आणि पाणी कसलं घालतोस?

निखिल (बी-३०२): बोअरचं

बिराजदार काका (बी-००२): झालं मग. बोअरच्या क्षारानं हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात. फ्लश करून घे आणि डिस्टिल्ड वॉटर नि कूलंट निम्मं निम्मं घाल. तसं मिश्रण उणे ३५ पर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी घेऊन गेलास तर एका रात्रीत इंजिनचा ब्लॉक फुटेल, मग हीटरचा विषयच संपला.

कुलकर्णी (ए-३०१): डिझेल पण इथून कॅन भरून नेऊ नकोस. थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर बंद होतो. इंडियन ऑइलनं २०१९ ला लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याच कारणानं. वर जाता जाता तिकडच्या पंपावरच टाकी भरायची.

निखिल (बी-३०२): थँक्यू काका. आणि हूडचं काय करू? चेनमधनं वारा शिट्टी वाजवतो

श्रीनिवास अण्णा (बी-२०१): फटींना दरवाज्याला लावतात ती रबरी पट्टी लाव. खाली फ्लोअरला पाणी जायची भोकं असतात त्यांची बुचं बघ, जीपवाल्यांची हमखास हरवलेली असतात, पायाला गार वारा तिथनंच येतो. पुढच्या सीटच्या मागं पडदा टाक म्हणजे तेवढीच जागा तापवावी लागते

सागर (ए-१०४): अण्णा मागं पण दोघं बसणारेत, त्यांना काय पडद्यामागं गोठवायचं का

श्रीनिवास अण्णा (बी-२०१): मग त्यांच्या मागं टाक बाबा, सामानाच्या अलीकडं

सागर (ए-१०४): आणि पडदा म्हणजे अण्णांच्या दुकानातली सोलापुरी चादर, बरोबर ना

श्रीनिवास अण्णा (बी-२०१): खरं सांगू? माझा धंदा असून सांगतो, यासाठी चादर नको. चादर सुती, चौघांच्या श्वासाची वाफ पिते, ओली झाली की उलट गार लागते. पडदा कशाचा पण चालेल, पण अंगावर घ्यायला सांगोल्याकडचं घोंगडं घे. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. वास येतो थोडा, चालवून घ्यायचा

निखिल (बी-३०२): हा हा, घेतो अण्णा. काच पण धुरकट होते हो

बिराजदार काका (बी-००२): एसी असलेल्या गाडीत हीटरबरोबर एसीचं बटण दाबायचं, हवा कोरडी होते. तुझ्यात एसी नाही, तू बाहेरची हवा आत घेत जा आणि काच बोटभर उघडी ठेव. आणि उभ्या गाडीत इंजिन घुरघुर ठेवून हीटर तापायची वाट बघू नको, डिझेल इंजिन रिकामं चालताना फार गरम होत नाही, चालवली की तापते. अगदीच वेळ आली तर ट्रकवाले करतात तसं रेडिएटरसमोर अर्धा पुठ्ठा लावायचा, पण टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवून, चढाला काढायचा.

(रविवार)

निखिल (बी-३०२): काका, होज पहिल्या मिनिटापासनंच कोमट!! मेस्त्रीला विचारलं तर हसला, म्हणाला दोन वर्षांपूर्वी मीच काढला, सोलापुरात कशाला पाहिजे ते. नवीन बसवला, हीटर फ्लश केला, गढूळ लाल पाणी निघालं बादलीभर

बिराजदार काका (बी-००२): आता बघ

निखिल (बी-३०२): बघितलं ना, नवी पेठेत सिग्नलला काचा बंद करून हीटर फुल लावून बसलो होतो, दुपारी २ वाजता, शर्ट पूर्ण ओला. रिक्षावाला विचारत होता बरं नाही का

मंगल काकू (बी-१०१): छान झालं बाळा. जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी देते, आठ दिवस काही होत नाही त्याला

सेक्रेटरी: निखिल, अभिनंदन. पण आज सकाळी पावणेसहापासून बी विंगच्या पार्किंगमध्ये तुमची जीप चालू होती, धूर ००१ च्या बेडरूममध्ये गेला, त्यांचा फोन आला होता. पुढचं टेस्टिंग कृपया गेटबाहेर करणे.

निखिल (बी-३०२): सॉरी सर. होज बघत होतो