पटावर सात पोरं, निकालात पहिला नंबर : कोकणाचं नेमकं चाललंय काय?

खाडीकाठ : आमच्या वाडीच्या शाळेत यंदा पटावर सात पोरं. त्यातली तीन कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्यांची. दहावीला कोकण बोर्ड पहिलं आलं की आपण पेढे वाटतो. पण २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. २०१९-२१ च्या पाहणीत राज्याचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.७; पिढी टिकायला लागतात २.१. शिकवून शिकवून गाव रिकामं करायचं, ही कसली प्रगती?

दापोलीची_सून : काका, दोन गोष्टींचं कालवण केलंत. ती घट मुख्यतः चाकरमान्यांची, पाळणा थांबल्याची नव्हे. माझ्या सासूबाई पाच भावंडं. थोरला सातवीपर्यंत गेला, बाकीच्यांनी गुरं राखली. मला दोनच, दोघंही पदवीधर. हात कमी झाले, पण एकेका हाताची कमाई किती वाढली ते बघा. १९६० च्या सुमारास कोरियात बाईमागे सहा मुलं होती. ती कमी झाली, शाळा वाढल्या, देश कुठल्या कुठे गेला.

आकडेमोड : कोरियाची अर्धीच गोष्ट सांगितलीत ताई. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२. कमावते जास्त, खाणारी तोंडं कमी, हा सुगीचा काळ एकदाच येतो. पुढे तेच कमावते म्हातारे होतात. कोरिया श्रीमंत होऊन म्हातारा होतोय, आपण त्याआधीच होऊ, ही खरी भीती.

मालवणी_माणूस : शिकलेलो झील पुण्यात लॅपटॉप घेवन बसलो. आंबो काढूक झाडार चढतलो कोण? नेपाळी. आणि नेपाळचोय जननदर २०२२ त २.१ वर इलो. मगे?

दापोलीची_सून : मग डोकं चालवायचं. दापोली कृषी विद्यापीठाने नूतन झेला, म्हणजे आंबा उतरवायचं सुधारित साधन, काढला, आंबा देठासकट उतरायला लागला, कुजून जाणारा माल वाचला. माणसं तेवढीच, पैसा जास्त. हे शिक्षणानेच झालं ना? आणि शिकलेल्या बायकांना इथेच काम द्या, निम्मे हात तर घरातच आहेत.

आकडेमोड : हे मान्य. पण झेला धरायला तरी कोणी हवं.

खाडीकाठ : ताई, राग मानू नका. तुमची दोघं पदवीधर सध्या कुठे असतात?

दापोलीची_सून : एक ठाण्याला, एक बंगळुरूला. गणपतीला येतात.