प्रतिसाद: सैंधव खाल्लं तर पक्षाघाताचा धोका टळतो का?

वर विचारलंय की साधं मीठ सोडून सैंधव सुरू केलं तर बीपी उतरून पक्षाघाताचा धोका टळेल का. नाही. सैंधवही साध्या मिठासारखं जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, आणि बीपी वाढवतं ते त्यातलं सोडियम. शिवाय साध्या मिठात घातलेलं आयोडीन हुकतं ते वेगळंच.

मोजायचं असेल तर चिमटी मोजू नका, पुडा मोजा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. म्हणजे चौघांच्या घरात एक किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा, आणि लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स धरले तर त्याहून जास्त. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, ढोकळ्यात सोडा, दोन्हींत सोडियम. आमटीत आमसूल घाला, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) नको, त्यात मीठ भरपूर असतं.

कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद करा, तिथे फारसं जाणवत नाही. भाजीत नेहमीच्या पाऊणपट. एकदम निम्मं केलं की घरचे वरून मीठ घेतात आणि हिशेब फसतो! जीभ काही आठवड्यांत सरावते.

पोटॅशियमयुक्त मीठ मात्र खरंच वेगळं. चीनच्या ६०० गावांतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.