मदत हवी आहे: फ्रिजसाठी गाडीत दुसरी बॅटरी – व्हीएसआर लावू की डीसी-डीसी चार्जर?

घाटवाट

गाडी बीएस-६ डिझेल फोर बाय फोर, हार्डटॉप. वॉरंटी अजून दीड वर्ष आहे. मागे ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, तंबूपाशी एलईडी पट्टी, दोन फोन, कॅमेरा आणि दिवसातून दोनेक तास लॅपटॉप एवढं चालवायचं आहे. मुक्काम एका जागी जास्तीत जास्त दीड दिवस. रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडीने सेल घेतलाच पाहिजे, ही मुख्य अट.

पुण्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितलं की १४० अँपिअरचा व्हीएसआर (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिले) टाकू आणि डिकीत इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी ठेवू. मला मात्र १०० एएच लिथियम घ्यावी असं वाटतंय. मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटा डबीसारखा सेन्सर आहे, त्याचं काय करायचं? कोणती वायर, किती अँपिअरचे फ्यूज, बॅटरी कुठे ठेवू? सप्टेंबरअखेर स्पितीला जायचं आहे.

तांब्याची तार

आधी ट्यूब्युलरचा विषय संपवू. ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. वजन ५० किलोच्या पुढे, उंच, वर पाणी भरायची झाकणं. खडकाळ वाटेवर आडवे हेलकावे बसले की ॲसिड बाहेर येतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हार्डटॉपमध्ये डिकी आणि माणसं एकाच हवेत असतात, त्यामुळे ती आत नकोच. शिवाय तिला पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात. तुम्ही दिवसाला दोन-तीन तास गाडी चालवणार, म्हणजे ती कायम अर्धवट भरलेली राहील, सल्फेट धरेल आणि वर्षभरात बसेल.

आता हिशेब. ४० लिटरचा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट, म्हणजे ४ अँपिअर ओढतो. उन्हाळ्यात बंद गाडीत कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरा: २४ तासांत ४८ एएच. घाटमाथ्यावरच्या गार हवेत तोच आकडा ३० च्या आसपास येतो. पट्टी आणि फोनचे ६ ते ८ एएच, लॅपटॉपचे १० एएच. एकूण ४५ ते ६५. १०० एएच लिथियममधून ८० बिनघोर वापरता येतात, म्हणजे कडक उन्हाळा सोडला तर दीड दिवस निघतो. तेवढ्याच एजीएममधून (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) आयुष्य न घटवता ५० च मिळतात, आणि तिचं वजन ३० किलोच्या आसपास, लिथियमचं १२-१३. त्यामुळे लिथियमचा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, आणि बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग बंद करायची सोय आहे हे डेटाशीटमध्ये वाचून मगच पैसे द्या. स्पितीसाठी ते लागणारच.

लिथियम म्हटलं की व्हीएसआर बाद. व्हीएसआर फक्त व्होल्टेज बघतो: १३.३ च्या वर जोडतो, १२.८ च्या खाली तोडतो. एलएफपी इंजिन बंद असतानाही १३.२ ला बसलेली असते आणि बरीचशी रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपासच राहते. म्हणजे रात्री इंजिन बंद, तरी रिले जोडलेलाच. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे तुमची मुख्य अटच मोडली. दुसरं, एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) देईल तेवढं सगळं ती तासभर ओढत राहते. ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, करंट मात्र पूर्ण. अल्टरनेटर तिथेच तापून जातो.

तिसरं कारण तुमच्या गाडीवर अवलंबून आहे. बॅटरीला मल्टिमीटर लावून तीन रीडिंग द्या: थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच, अर्धा-पाऊण तास चालवल्यावर, आणि उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर. शेजारी बसणाऱ्याला वाचायला सांगा.

घाटवाट

घेतली. सुरू केल्यावर १४.५, पाऊण तासाने सपाट रस्त्यावर १२.७, उतारावर पाय काढला की १४.९.

तांब्याची तार

स्मार्ट अल्टरनेटर आहे. बॅटरी भरली की इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो आणि गाडी उतारावर ढकलत असली की फुकटची ऊर्जा बॅटरीत कोंबतो. तो निगेटिव्हवरचा सेन्सर ह्याचसाठी. अशा गाडीत व्हीएसआर दिवसभर जोड-तोड करत बसेल, आणि १२.७ ला कुठलीच दुसरी बॅटरी चार्ज होत नाही.

डीसी-डीसी चार्जर लावा, ३० अँपिअरचा. तो १२.७ घेऊन १४.२-१४.४ करून देतो आणि करंट स्वतः मर्यादेत ठेवतो. व्हिक्ट्रॉन ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० किंवा रेडार्कचा बीसीडीसी, दोन्ही ह्या कामाचे. ३० अँपिअर देताना अल्टरनेटरकडून ३६ ते ४० घेतले जातील. ५० चा घेऊ नका: पावसात एसी, वायपर, हेडलाइट चालू असताना घाटात रांगेत अडकलात तर अल्टरनेटरला मोकळीक राहत नाही. ३० मध्येही अडीच तासांत रात्रीचं भरून निघतं, आणि मध्ये फ्रिज चालूच असतो हे धरून.

चार्जरला इग्निशनची वायर नक्की द्या. नुसतं व्होल्टेज बघून इंजिन ओळखणारा चार्जर १२.७ दिसलं की ‘इंजिन बंद’ समजून थांबतो. मग दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी बॅटरी तशीच. रेडार्कमध्ये त्यासाठी निळी वायर असते, दुसऱ्या चार्जरमध्ये मॅन्युअल बघून पिन शोधा. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणारा जोड) वापरून घ्या, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वाद टळतो. एअरबॅग, एबीएस किंवा इसीयूच्या फ्यूजवर टॅप नको. इग्निशनलाच चालू होणारा ॲक्सेसरीचा फ्यूज निवडा.

सह्यचाक

सेन्सर आणि अर्थिंगचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

चार्जरची निगेटिव्ह मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावू नका. सेन्सर खांब आणि गाडीची अर्थ वायर ह्यांच्या मध्ये बसलेला असतो. थेट खांबावर लावलेलं काहीही त्याला दिसत नाही, मग इसीयूचा हिशेब चुकतो आणि व्होल्टेज भलत्याच वेळी खाली-वर होतं. निगेटिव्ह सेन्सरच्या पलीकडे, जिथे कंपनीची अर्थ वायर चॅसीला बोल्टने लावली आहे, तिथे घ्या.

तुमची गाडी लॅडर फ्रेमची असेल तर बॉडी रबर माउंटवर बसलेली आहे. डिकीच्या पत्र्याला अर्थ केलं तर करंट बॉडी आणि चॅसीमधल्या पातळ पट्टीतून परत जाणार. ती ४० अँपिअरसाठी दिलेली नसते. म्हणून पॉझिटिव्हइतक्याच जाडीची निगेटिव्ह वायर मागपर्यंत ओढा. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ तर कधीच लावू नका.

वायर १६ स्क्वेअर एमएम. हार्डटॉपमध्ये बॉनेटपासून डिकीपर्यंत वळणं धरून ५ मीटर लागतील, जाऊन-येऊन १०. १६ स्क्वेअरचा रोध मीटरला साधारण १.२ मिलिओहम, म्हणजे ३८ अँपिअरला ०.४५ व्होल्ट पडतात. डीसी-डीसी तेवढं भरून काढतो. ६ स्क्वेअर टाकली तर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो, १२.७ चे ११.५ पोचतात आणि चार्जर कमी व्होल्टेजवर बंद पडतो. अर्ध्या तक्रारींचं मूळ एवढंच असतं. पुण्यात तपकीर गल्लीत वेल्डिंग केबल मिळते, एचओएफआर ग्रेडची मागा: उष्णता, तेल आणि आग सोसणारं आवरण. आतले धागे बारीक असतात म्हणून थरथरीत टिकते. घराच्या वायरिंगची जाड धाग्यांची वायर लगपाशी (टोकाला दाबून बसवलेल्या तांब्याच्या कानापाशी) तुटते.

फ्यूज दोन्ही टोकांना हवेत, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा मिडी फ्यूज. दुसऱ्या बॅटरीच्या खांबावरच ६० चा एमआरबीएफ, म्हणजे थेट खांबावर बसणारा फ्यूज, कारण एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि साधा ब्लेड फ्यूज ते तोडू शकत नाही. चार्जरच्या आउटपुटला ४०. पुढे सहा खणांचा फ्यूज बॉक्स: फ्रिजला १५, दिव्यांना ५, यूएसबी आणि लॅपटॉपच्या सॉकेटला १५. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर घेऊ नका, १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी पीडी चार्जर घ्या. इन्व्हर्टर स्वतःच बॅटरी खात बसतो.

कोकणकडा_४४

एक वेगळं मत. जुन्या, स्थिर १४.२-१४.४ देणाऱ्या गाड्यांत एजीएम आणि व्हीएसआर ही जोडी अजूनही उत्तम चालते आणि खर्च निम्म्याच्या आत येतो. ज्यांच्या गाडीत रीडिंग दिवसभर १४ च्या वर राहतं त्यांनी उगाच डीसी-डीसीच्या मागे लागू नये.

तांब्याची तार

बरोबर, पण दोन अटी. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिडच हव्यात, आणि वायर ३५ स्क्वेअरची. व्हीएसआर व्होल्टेज वाढवत नाही, त्यामुळे वाटेत पडलेला अर्धा व्होल्ट कायमचा गेला. दोन-तीन तासांच्या प्रवासात १३.८ वर एजीएम पूर्ण भरत नाही. धागाकर्त्याच्या गाडीत मात्र हा मार्ग नाही.

घाटवाट

समजलं. चार्जर बॉनेटखाली ठेवला तर वायर सोपी जाईल का? इलेक्ट्रिशियन लग हातोडीने ठोकून वर शिसं ओततो, चालेल? आणि पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) लावायचा विचार आहे, तो दुसऱ्या बॅटरीवर घेऊ का?

सह्यचाक

तिन्हीला नाही.

बॉनेटखाली डिझेल इंजिनच्या शेजारी चार्जर तापतो. ओरायन ४० अंशांनंतर करंट कमी करायला लागतो, आणि एलएफपीला तर ती जागा वर्ज्यच. दोन्ही मागे ठेवा, जवळजवळ. चार्जरच्या चारही बाजूंना दहा सेंटिमीटर हवा खेळू द्या. गाद्या, ताडपत्री अंगावर येणार नाही अशी जागा बघा.

लगसाठी हायड्रॉलिक क्रिंपिंग प्लायर हवा. १६-८ चे, म्हणजे १६ स्क्वेअरला ८ मिमी भोकाचे, कथिल चढवलेले तांब्याचे लग आणा. वायर लगच्या तळापर्यंत गेली आहे हे वरच्या छोट्या भोकातून दिसलं पाहिजे. षटकोनी डायने दोनदा दाबा, मग लग व्हाइसमध्ये धरून पूर्ण जोराने ओढा. धागा सरकला तर कापून पुन्हा करा. शिसं धाग्यांमध्ये वर चढतं, जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. कोकणच्या खाऱ्या हवेत साध्या स्लीव्हखाली हिरवं धरायला एक पावसाळा पुरतो.

विंच पूर्ण ताकदीवर ४०० अँपिअरच्या घरात ओढतो. १०० अँपिअरचा बीएमएस तिथल्या तिथे तोडेल. तो मूळ बॅटरीवर, इंजिन चालू ठेवून. ह्याच कारणाने दुसऱ्या बॅटरीवरून जम्प देऊन सेल मारायचा विचारही करू नका. वेगळा छोटा जम्प स्टार्टर बाळगा.

बॅटरी नुसत्या पट्ट्याने बांधू नका. स्टीलच्या ट्रेमध्ये बसवून चार एम-८ बोल्ट तळातून पार, खाली ३ मिमीची पट्टी. भोक पाडायच्या आधी गाडीखाली शिरून बघा: डिझेल टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरींचा हार्नेस कुठून जातो ते खडूने पत्र्यावर आखा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर कंपनीच्या रबरी ग्रोमेटमधूनच न्या. उघड्या पत्र्याच्या कडेवर आवरण घासून शॉर्ट झालं तर गाडी पेटते. टर्बो आणि एक्झॉस्टपासून हातभर लांब, नालीदार पाइपमध्ये, दर वीतभर अंतरावर क्लिप.

तांब्याची तार

फ्रिजसाठी सिगारेट लायटर सॉकेट काढूनच टाका. खडबडीत रस्त्यावर पिन ढिली होते, तापते, व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज कमी व्होल्टेजचा एरर देऊन बंद होतो. त्याजागी ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (घट्ट बसणारा जोड) आणि ६ स्क्वेअरची वायर. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. ‘हाय’ हे इंजिन सुरू करणाऱ्या मूळ बॅटरीवर चालवण्यासाठी असतं.

काम झाल्यावर दुसरी बॅटरी थोडी रिकामी करून इंजिन सुरू ठेवा आणि भाराखाली मोजा. मल्टिमीटरची एक पिन मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी चार्जरच्या इनपुट पॉझिटिव्हवर: ०.२५ च्या आत हवं. जास्त आलं तर एकेका जोडावर मोजत या. एकाच जोडावर ०.०५ च्या वर दिसलं तर तो लग खराब. निगेटिव्ह बाजूलाही तसंच. अर्ध्या तासाने प्रत्येक फ्यूज होल्डरला हात लावा, चटका बसता कामा नये.

घाटवाट

स्पितीचं राहिलं. पहाटे शून्याखाली गेलं तर?

सह्यचाक

एलएफपी वापरायला शून्याखाली चालते, चार्ज करायला नाही. बॅटरीच्या आतल्या गोठलेल्या सेलमध्ये चार्ज सोडला तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर बसतं आणि ते नुकसान भरून येत नाही. सप्टेंबरअखेर स्पितीतल्या काझाला पहाट कडक थंडीची असते, म्हणून बीएमएसचा कटऑफ हवाच. बॅटरी गाडीच्या आतच आहे हे बरं. सकाळी हीटर लावून चालायला लागा. सेल पाच अंशांच्या वर गेले की चार्जिंग आपोआप सुरू होईल, तोवर चार्जरच्या ॲपमध्ये शून्य अँपिअर दिसलं तर बिघाड समजून वायरी उचकटू नका.

सगळ्याची बिलं जपून ठेवा आणि विमा कंपनीकडे आयएमटी-२४ ह्या कलमाखाली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून नोंद करून घ्या. प्रीमियम थोडा वाढेल, पण नंतर दावा करताना सामान नोंदीत नव्हतं हा मुद्दा निघत नाही. आणि पहिल्या कच्च्या रस्त्याच्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा, तांब्याचा लग पहिल्या आवळणीनंतर थोडा दबतोच.