मदत हवी आहे: ढेकूण झालेत, रेशमी साड्या आणि गोधड्यांचं काय करावं?

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पलंगाच्या फटींत आणि गादीच्या शिवणीत ढेकूण सापडलेत. पेस्ट कंट्रोलवाले पुढच्या आठवड्यात फवारणी करतील. अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी १५ दिवसांनी दुसरी. कपडे-अंथरुणं मात्र आपली आपण बघायची.

सुती चादरी, अभ्रे, रोजचे कपडे मशीनमध्ये ६० अंशांवर धुऊन, पूर्ण वाळवून प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधलेत. तेवढं जमलं. अडलंय ते आईच्या जरीच्या रेशमी साड्या, लोकरीचे स्वेटर आणि आजीच्या हातच्या गोधड्यांवर. साड्या आणि लोकर गरम पाण्यात घालता येत नाही. गोधड्या मशीनमध्ये मावत नाहीत, आणि या पावसात ऊन दाखवणार तरी कुठे? घरी ड्रायर नाही. डांबरगोळ्यांनी काडीचाही फरक पडला नाही, काढून टाकल्या. सासऱ्यांना दमा आहे, बाळ रांगतंय, त्यामुळे कपड्यांवर औषध मारायचं नाही. गोधड्या टाकून द्या असं कृपया सुचवू नका, त्या मला वाचवायच्याच आहेत.

उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं की अंडीसुद्धा मरतात, म्हणून साड्या आणि स्वेटर फ्रीजरमध्ये ठेवायचा विचार आहे. पण साड्यांच्या घडीच्या आतपर्यंत तेवढी थंडी पोचते का, आणि ओल धरून जरीची तार काळी पडते का? कुणी प्रत्यक्ष केलंय? आणि गोधड्यांसाठी वाफेची इस्त्री पुरेल, की मोठा ड्रायर असलेली लाँड्रीच शोधावी?