कॅरी अंडरवूडला म्हणे आयडॉलने 'घडवलं'

चिंचोका : "कॅरी अंडरवूडला अमेरिकन आयडॉलनेच घडवलं" असं काल एकांनी ठोकून दिलंय. आयडॉल म्हणजे लोकांच्या मतांवर चालणारी टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या चेकोटाची ही कंट्री गायिका (कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडच्या बाजाचं संगीत) लहानपणापासून गात होती. शाळकरी वयात रेकॉर्ड कंपनीचा करार हाताशी येऊन निसटला होता. मार्च २००५ मध्ये आयडॉलवर तिने हार्ट बँडचं 'अलोन' म्हटलं तेव्हा गळा तयारच होता. आणि गाणं तरी कुठलं? कंट्री नव्हेच, ऐंशीच्या दशकातलं रॉक! परीक्षक सायमन कॉवेलने तिथल्या तिथे सांगून टाकलं की ही जिंकणार आणि आधीच्या विजेत्यांपेक्षा जास्त रेकॉर्ड विकणार. याला पारख म्हणतात, घडवणं नव्हे.

टल्साकर : तयार गळे आमच्याकडे दर रविवारी चर्चमध्ये ढिगाने ऐकायला मिळतात. ऑफिसातली रिसेप्शनिस्ट गायला लागली की काटा येतो अंगावर. ती अजून फोनच उचलतेय. कॅरीने मे महिन्यात आयडॉलच्या अंतिम फेरीत बो बाइसला हरवलं आणि तिचं पहिलं सिंगल थेट हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर उतरलं. टीव्हीशिवाय उतरलं असतं? उगाच काहीतरी.

गोदाकाठ : जिंकण्यात एवढं असतं तर कंट्रीतली मोठी गायिका झालेल्या मिरांडा लॅम्बर्टचं काय? नॅशव्हिल स्टार ही टीव्हीवरची कंट्री गाण्याची स्पर्धा, २००३, तिसरी. पहिला आलेला बडी ज्युएल आता कितीजणांना आठवतो? केसी मस्ग्रेव्ज तर २००७ ला तिथेच सातवी. २०१९ ला ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर तिचाच.

खडीसाखर : मुळात लोकांच्या मतांवर गाणं ठरवणं हाच फालतूपणा. माझ्या भाचीला एका चॅनेलवाल्यांनी आधी विचारलं, "गावातून मतं किती येतील?" सूर नंतर! पोरगी घरी येऊन रडली.

टल्साकर : ताई, भाचीचं वाईट वाटलं, पण विषय कॅरीचा आहे.

गोदाकाठ : विषय सोडायचाच तर रेडिओवर या. खरे मालक तेच. २०१५ मध्ये कीथ हिल नावाचा सल्लागार उघड बोलला : कंट्री रेडिओ म्हणजे सॅलड, पुरुष गायक त्यातली पानं, बायका अधूनमधून टाकायचे टोमॅटो. बायकांची गाणी लागोपाठ लावू नका म्हणे!

चिंचोका : कॅरी तर धो धो वाजते.

गोदाकाठ : एक वाजली म्हणजे सगळ्यांना न्याय मिळाला? डलासला रोज दीड तास गाडीत असते मी. ट्रक, बिअर, ट्रक, बिअर. बाईचा आवाज यायचा तो जाहिरातीत.

टल्साकर : मग स्टेशन बदला ना! श्रोत्यांना आवडतं तेच लावतात.

खडीसाखर : वाजवलंच नाही तर आवडणार कसं? कमाल आहे तुमची. आमच्या चॅनेलवाल्यांसारखेच बोलताय.

टल्साकर : मला चॅनेलवाला म्हणायचं काम नाही. वैयक्तिक होऊ नका.

चिंचोका : अहो भांडू नका. रेडिओचे दरवाजे बायकांना असे बंद असतील, तर कॅरी टीव्हीवरून आत शिरली हे मान्य करावं लागेल. दार उघडलं आयडॉलने, बास. घडवलं म्हणणार नाही.

टल्साकर : वा! एवढं बोलायला एवढा मोठा धागा? आभारी आहे, महाराज.

गोदाकाठ : मी काहीही मान्य केलेलं नाही. आणि बो बाइस तिच्यापेक्षा चांगला गायचा.

चिंचोका : आता मात्र हद्द झाली. वेगळा धागा काढा.