महाडला मार खाऊनही हात उचलला नाही, हा नेभळटपणा होता काय?

शिस्तप्रिय : "मार खाऊन उलट न मारणारा पुरुषच नव्हे, अहिंसा ही दुबळ्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे," असे काल येथे लिहिले गेले, म्हणून हे लांबलचक उत्तर. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक मंडपात परतले, तेव्हा ते वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांच्यावर लाठ्या चालवल्या गेल्या आणि शिजलेले अन्न मातीत कालवले गेले. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेली माणसे होती. त्यांना हाणामारी कोणी शिकवायला नको होती. तरीही बाबासाहेबांनी आवरले, तेव्हा चवताळलेली ती माणसे थांबली. हा नेभळटपणा असेल, तर पलटणीतली शिस्तही नेभळटपणाच.

रोखठोक : ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. उलट हात उचलला असता तर खटले यांच्यावरच भरले गेले असते, हे बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताला कळत होते; तो हिशेब होता, अहिंसा नव्हे. शिवाय सोसणाऱ्याला पाहून मारणाऱ्याचे मन पालटते म्हणतात, ते महाडात कोठे पालटले? तळे 'शुद्ध' करायला त्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले. हक्क मिळाला तो १९३७ साली, उच्च न्यायालयाकडून.

जुना शिपाई : उभी हयात पोलीस खात्यात काढलेल्या माणसाचे दोन शब्द ऐकावेत. बंदोबस्तात दगड अंगावर येत, पण वरून हुकूम येईपर्यंत काठी उचलायची नसे. एकदा माझ्या शेजारच्या जवानाचे ओठ फुटले, तो रक्त गिळत रांगेत उभा राहिला, आणि त्याच रात्री घरी जाऊन त्याने बायकोवर हात टाकला. गिळलेला राग जातो कोठे, हे संयमाचे गोडवे गाणाऱ्यांनी सांगावे.

शिस्तप्रिय : आपला संयम हुकमाचा आणि पगारी होता, महाडचा स्वतः स्वीकारलेला. तेथला राग वाया गेला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली.

सुमती : "बायकोवर हात टाकला" हे आपण सर्वांनी किती सहज ओलांडले! पुरुषाने मार सोसला की ते शौर्य, बाईने सोसला की तो तिचा धर्म. दांडीला निघालेल्या तुकडीत गांधींनी एकही स्त्री घेतली नव्हती. धारासण्याच्या मिठागरावरील सत्याग्रहात मात्र २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूच पुढे होत्या. त्या जवानाच्या बायकोचे पुढे काय झाले?

जुना शिपाई : ती माहेरी निघून गेली, परत आली नाही. लाईनीतल्या सगळ्यांनी तिलाच नावे ठेवली, मीही त्यांत होतो.

सुमती : म्हणजे तिने असहकार केला, आणि पाहणाऱ्यांनी त्याला उद्धटपणा म्हटले.

रोखठोक : विषय महाडचा होता, संसाराचा नव्हे. पलटणीतली ती माणसे भेकड नव्हती, एवढे मात्र लिहून देतो. हवे तर मुद्रांकावर. पण तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे थांबायला लावणाऱ्या मार्गाला मर्दानी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.