‘व्यभिचार’, ‘बाहेरख्यालीपणा’, ‘प्रकरण’: चित्रपटावर लिहिताना कुठला शब्द कुठे?

(कुमुदिनीच्या प्रश्नाला उत्तरं देणारे तळटीप, बोरूबहाद्दर आणि दावेदार ही टोपणनावं आहेत.)

कुमुदिनी: लग्न आणि त्यातल्या पडझडीवरच्या चित्रपटांबद्दल मराठीत लिहिताना सरसकट ‘विवाहबाह्य संबंध’ वापरतात. एका परिच्छेदात तीनदा आला की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. व्यभिचार, बाहेरख्यालीपणा, प्रतारणा, भानगड, लफडं, प्रकरण यांतला नेमका फरक काय? उपशीर्षकांत (सबटायटल्समध्ये) काय चालेल?

तळटीप: शब्द कोणाच्या तोंडी जाणार ते आधी बघा. ‘व्यभिचार’ धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा. भांडताना बायको नवऱ्याला ‘तू व्यभिचार केलास’ म्हणत नाही. ‘तुझं बाहेर काहीतरी आहे’ किंवा थेट ‘कोण आहे ती?’ म्हणते. उपशीर्षकात तेच ठेवावं, जागाही कमी लागते. ‘भानगड’ आणि ‘लफडं’ हे तिऱ्हाइताचे शब्द, त्यातही ‘लफडं’ जास्त उघडंवाघडं. ‘प्रकरण’ झाकून बोलणाऱ्या घरातलं.

‘प्रतारणा’ बोलण्यात फारसा येत नाही, पण लेखात उत्तम, कारण तो फसवल्या गेलेल्या माणसाच्या बाजूनं बघतो. त्यात शरीरसंबंध असलाच पाहिजे असं नाही. नुसतं मन गुंतलेल्या जोडीदाराची गोष्ट असेल तर हाच घ्या, तिथे ‘व्यभिचार’ चूक ठरेल. ‘बाहेरख्याली’ मात्र स्वभाव सांगतो, घटना नव्हे. ‘अर्थ’ (1982) मधला नवरा एका बाईत गुंतून घर सोडतो. त्याला बाहेरख्याली म्हटलं की तो दारोदार फिरणारा वाटायला लागतो आणि पात्रच बदलतं.

बोरूबहाद्दर: एक भर घालतो. या शब्दांत पुरुष आणि बाई सारखे तोलले जात नाहीत. बाहेरख्याली तो, बदफैली ती. ‘पाऊल वाकडं पडलं’ हे बाईबद्दलच म्हणतात. ‘अंगवस्त्र’ म्हणजे मुळात उपरणं. तोच शब्द ठेवलेल्या बाईला लावला. बाईच्या बाजूनं असा ऐटीत उच्चारता येणारा शब्द नाही. ‘यार’ आहे, पण तो शिवीकडे झुकतो. म्हणून समीक्षकानं स्वतःच्या वाक्यात यातलं काही वापरू नये असं माझं ठाम मत आहे. पात्राच्या तोंडी असेल तर मात्र सौम्य करू नये. सासू ‘पाऊल वाकडं पडलं’ म्हणाली तर त्याचं ‘चूक झाली’ करून टाकलं की सासूच नाहीशी होते.

आणि ‘सवत’ म्हणजे लग्नाची दुसरी बायको, प्रेयसी नव्हे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला 1946 च्या कायद्यानं बंदी आली, पुढे 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. त्याआधीच्या काळातल्या कथानकात सवत हे खरंखुरं नातं आहे. आजच्या कथेत बायको नवऱ्याच्या मैत्रिणीला सवत म्हणते तो टोमणा असतो.

दावेदार: कोर्टातल्या प्रसंगांत हमखास घोळ होतो. भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराबद्दलचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. ते असतानाही गुन्हेगार ठरे तो दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष. ती बाई नाही. नवऱ्याचे अविवाहित बाईशी संबंध असतील तर या कलमात तो बसतच नसे. त्यामुळे जुन्या काळातल्या चित्रपटात नवरा बायकोला ‘तुझ्यावर व्यभिचाराचा खटला भरीन’ म्हणाला, तर ती एकतर पोकळ धमकी आहे किंवा अनुवादातली चूक. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये आजही आहे. 1976 च्या दुरुस्तीनंतर एक प्रसंगही पुरतो. त्याआधी ‘व्यभिचारात राहणं’ दाखवावं लागे.

‘फारकत’ जपून वापरा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 10 खालच्या न्यायिक फारकतीत लग्न कायम राहतं, दुसरं करता येत नाही. बोलीतल्या फारकतीत सगळं संपलेलं असतं. ‘सोडचिठ्ठी’ देणारा नवरा. ‘काडीमोड’ जातपंचायतीच्या रिवाजातून आलेला, खरोखर काडी मोडून. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातल्या जोडप्याला तो चिकटवू नये. ‘घटस्फोट’ मुळात पतिताला बहिष्कृत करताना घागर फोडण्याचा विधी, पण आज ती छटा कुणाच्या मनात येत नाही, बिनधास्त वापरा.

कुमुदिनी: ‘उंबरठा’ (1982) मधली सुलभा परित्यक्ता म्हणायची का? तसं लिहिलेलं दिसतं.

तळटीप: नाही. परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. सुलभा परत येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे तिला कळतं, आणि घर ती सोडते. कर्ता ती आहे. ‘परित्यक्ता’ म्हटलं की तिचा निर्णय नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो. ‘घर सोडलेली’ एवढं साधं लिहावं.

बोरूबहाद्दर: याच ओघात ‘नांदणं’ विसरू नका. लहानपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये केलेला दावा कायद्याच्या भाषेत वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, लोकांच्या भाषेत ‘नांदायला ये’ असा. 1887 मध्ये निकाल लागला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. त्यांच्यावरच्या चित्रपटाबद्दल लिहिताना ‘पतीसोबत राहण्यास नकार’ हे मिळमिळीत होतं. ‘नांदायला जाणार नाही’ लिहा. उपशीर्षकाच्या एका ओळीत बसतं.